विकलेला पहारा

रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी नावाचे एक लहानसे बंदर आहे. समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला दिसतो, आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरत गेले म्हणजे दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन अशी नारळी-पोफळींच्या बागांतली गावे एकामागून एक लागतात. या किनाऱ्यावर १९९३ सालच्या ९ जानेवारीस दिघी येथे, आणि पुढे ३ व ७ फेब्रुवारीस शेखाडी येथे, रात्रीच्या वेळी जो माल उतरवण्यात आला त्यात बंदुका होत्या, हातबाँब होते आणि आरडीएक्स हे महाभयंकर स्फोटक द्रव्य होते. १२ मार्च रोजी, शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास, मुंबईच्या शेअरबाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला, आणि त्यानंतरच्या दोन-सव्वादोन तासांत झवेरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह, वरळीचा सेंच्युरी बाजार, एअर इंडियाची इमारत अशी एकामागून एक ठिकाणे हादरत गेली. सरकारी नोंदीप्रमाणे २५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि सातशेंहून अधिक जखमी झाली.

या घटनेची हकीकत सांगताना आपण बहुधा कट रचणाऱ्यांची नावे घेतो, त्यांना शस्त्रे व आश्रय देणाऱ्या परराष्ट्राचे नाव घेतो, डिसेंबर-जानेवारीतील दंगलींनी दुभंगलेल्या मुंबईचा उल्लेख करतो, आणि हे सर्व यथार्थच आहे. परंतु शेखाडीची वाळू आणि शेअरबाजार यांच्यामध्ये सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट होती, त्या वाटेवर सरकारचे नाके होते, चौक्या होत्या, सरकारी पगार घेणारी माणसे तैनात होती, आणि तो माल या साऱ्यांची नजर चुकवून नव्हे, तर त्यांपैकी काहींच्या संमतीने मुंबईस पोहोचला, ही गोष्ट मात्र आपल्या स्मरणात फारशी राहिलेली नाही. राज्यकारभारातील भ्रष्टाचाराने राज्याची सुरक्षितता कशी पोखरली जाते, हे समजून घेण्यास या स्फोटांच्या खटल्याच्या दप्तराइतके बोलके साधन आपल्या भाषेच्या मुलुखात दुसरे नसेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

९ जानेवारीच्या रात्री दिघीहून निघालेला माल गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलीस ठाण्याच्या पथकाने अडवला. म्हणजे यंत्रणा निजलेली नव्हती. फौजदार हजर होता, हवालदार व शिपाई हजर होते, गाड्या थांबलेल्या होत्या. कायद्याप्रमाणे यापुढे झडती, पंचनामा आणि जप्ती व्हावयास हवी होती. त्याऐवजी त्या फाट्यावर, रात्रीच्या अंधारात, घासाघीस झाली. काही लाख रुपयांवर सौदा ठरला. तेवढी रोकड माल नेणाऱ्यांपाशी त्या वेळी नव्हती, तेव्हा चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या आणि गाड्या पुढे सोडण्यात आल्या. या तारणापाशी वाचकाने क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. उधारीवर व्यवहार होतो तो परक्याशी नव्हे. ज्याच्याशी काल व्यवहार झाला आणि उद्याही होणार आहे, त्याच्याशीच होतो. त्या रात्री फाट्यावर जे घडले तो एखाद्या दुबळ्या मनुष्याचा अकस्मात आलेल्या मोहाने झालेला अधःपात नव्हता, तर ज्याचे दर, ज्याच्या सवलती आणि ज्याची वसुली दोन्ही पक्षांस पाठ होती, अशा एका रुळलेल्या धंद्याचा तो आणखी एक प्रसंग होता.

शेखाडीची गोष्ट याहून वरच्या पायरीवर गेली. तेथे उतरलेला माल प्रथम वांगणी येथील टॉवरपाशी नेण्यात आला, तेथे त्याची वाटणी व बांधाबांध झाली, आणि त्या टॉवरच्या रखवालदारांनाही पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. जानेवारीच्या अखेरीस कस्टम्स खात्याकडे वरून असा इशारा आलेला होता की, या किनाऱ्यावर चोरट्या मालाबरोबर शस्त्रेही उतरवली जाण्याचा संभव आहे. इशाऱ्यानंतर नाकेबंदी झालीदेखील. पण माल ज्या वाटेने जावयाचा ती वाट मोकळी राहील अशा बेताने ती झाली, असा आरोप खात्याच्या एका अतिरिक्त कलेक्टरावर ठेवण्यात आला, आणि विशेष न्यायालयाने त्यास जन्मठेपेची शिक्षा दिली. खालच्या हुद्द्यांवरील कस्टम्सचे अधिकारी व पोलीस यांनाही शिक्षा झाल्या. विशेष न्यायालयाने २००६ आणि २००७ साली निकाल दिला, आणि २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय देताना किनाऱ्यावरील या यंत्रणांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले.

आता प्रश्न असा की, ज्या माणसांनी हे केले त्यांना मुंबई उद्ध्वस्त करावयाची होती काय? त्यांतील बहुतेकांच्या मनास तो विचार शिवलाही नसावा, आणि हीच या प्रकरणातील सर्वांत भयावह गोष्ट आहे. कोकणच्या किनाऱ्यावर चोरटी आयात कित्येक वर्षे चालत आलेली होती. १९६० नंतरच्या दशकात सोन्यावर निर्बंध आले, १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा कायदा झाला, आणि दुबईचे सोने व मुंबईचे सोने यांच्या भावांतील तफावतीवर एक समृद्ध व्यापार उभा राहिला. त्याचे स्वतंत्र मक्तेदार होते. माल किनाऱ्याला लावून देणे, मजूर व गाड्या पुरवणे आणि अंमलदारांचे हिशेब भागवणे, हे काम करणाऱ्यास 'लँडिंग एजंट' म्हणत. दर लँडिंगमागे कोणाचा किती वाटा, हे ठरलेले असे. गावातल्या लोकांस त्यात फार मोठे पाप वाटत नसे. सोनेच तर आहे, चांदीच तर आहे, कोणाचा गळा तर कापीत नाहीत ना, असे म्हणून माणसे आपल्या मनाची समजूत घालीत, आणि वर्दीतला मनुष्यही तीच समजूत घालून घेई.

सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला, १९९२ साली परदेशातून परतणाऱ्या भारतीयांस जकात भरून उघडपणे सोने आणण्याची मुभा मिळाली, आणि चोरट्या सोन्यातील नफा आटू लागला. माल गेला, वाट राहिली. वर्षानुवर्षे पैसे मोजून तयार केलेली, ज्यावरचा प्रत्येक पहारेकरी ओळखीचा व आपलासा झालेला आहे अशी वाट त्या धंदेवाल्यांच्या हाती शिल्लक होती, आणि त्या वाटेवरून काय न्यावयाचे हे ठरवण्याचा अधिकार आता पैसे घेणाऱ्यापाशी उरलेला नव्हता. लाच घेणारा मनुष्य असे मानतो की, आपण एका विशिष्ट गोष्टीपुरते डोळे मिटले आहेत. वस्तुतः त्याने आपला पहाराच विकलेला असतो, आणि विकलेला पहारा कोणत्या कामी लावावयाचा हे विकत घेणारा ठरवतो.

शासनाची दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. राज्यास जे कळते ते त्याच्या नोकरांच्या द्वारा कळते. नाक्यावरच्या शिपायाने लिहिलेली नोंद ठाण्यात जाते, ठाण्यातून जिल्ह्यास, जिल्ह्यातून मुंबईस व दिल्लीस; आणि तिच्या आधारावर मंत्री मसलत करतात, फौजफाटा हलवतात, संकटाचा अंदाज बांधतात. ज्या दिवशी तळच्या मनुष्यास खोटी नोंद करण्याचे पैसे मिळू लागतात, त्या दिवसापासून वरचा सगळा कारभार, तो चालवणारे कितीही प्रामाणिक व बुद्धिमान असोत, अंधारात चालतो. आणि आपण अंधारात आहोत हेही त्यांना ठाऊक नसते, कारण कागद नियमितपणे येतच असतात.

कागदावरचे राज्य आणि जमिनीवरचे राज्य यांच्यातील हे अंतर किती वाढू शकते, याचे दाखले अलीकडच्या काळात परदेशांत मिळाले. इराकमधील मोसुल हे मोठे शहर २०१४ च्या जूनमध्ये संख्येने कितीतरी कमी असलेल्या बंडखोरांच्या हाती पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल्-अबादी यांनी आपल्या पार्लमेंटास सांगितले की, केवळ चार डिव्हिजनांची तपासणी केली तेव्हा हजेरीपटावर पन्नास हजार नावे अशी निघाली की, ज्या नावांचे शिपाई पलटणीत नव्हतेच. पगार मात्र दरमहा उचलला जात होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. अफगाण सैनिक व पोलीस यांची संख्या कागदोपत्री तीन लाखांच्या आसपास होती, आणि त्यांतील बहुसंख्य माणसे अस्तित्वातच नव्हती, असे त्या सरकारचे माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी नंतर उघडपणे सांगितले. जे खरोखरीचे शिपाई होते त्यांस कित्येक ठिकाणी महिनोन् महिने पगार नव्हता, शिधा नव्हता. ज्याच्या तोंडचा घास त्याच्याच अधिकाऱ्याने काढून घेतला आहे, त्या शिपायाने त्या राज्यासाठी प्राण द्यावेत, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

हजेरीपटावरील खोटी नावे हा काही आजचा रोग नव्हे. घोड्यांना डाग देणे व शिपायांची चेहरेपट्टी लिहून ठेवणे ही पद्धत अल्लाउद्दीन खिलजीने याच कारणाकरिता अमलात आणली होती, आणि अकबराला ती पुन्हा नेटाने चालवावी लागली. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेत या प्रश्नाचा जो विचार दिसतो तो मला सर्वांत मूलगामी वाटतो. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत गडांच्या बंदोबस्ताविषयी लिहिले आहे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे अधिकारी परस्परांच्या तोलाचे नेमलेले, कारभार त्यांनी एकविचारे करावयाचा, कोठाराचा हिशेब पुन्हा कारखानिसाकडे. अशासाठी की, एकट्यादुकट्याच्या फितव्याने गड शत्रूच्या स्वाधीन होऊ नये. ज्या अर्थी एवढी बारीक योजना केली, त्या अर्थी माणूस मोहास बळी पडतो हे गृहीत धरलेले होते. केवळ निष्ठेच्या शपथांवर भिस्त ठेवून ते राज्य उभे राहिले नाही.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेले महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याकरिता साठवलेली दाणावैरण आताच उधळून टाकाल, मग उपासमार होईल, मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला आणू लागतील. आणि असे झाले म्हणजे रयतेस मोगल आले त्याहून तुम्हीच अधिक वाटाल, असा त्या पत्राचा आशय आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या कागदात राजकीय स्थैर्याचे मर्म सांगितलेले आहे. परचक्र आणि आपला अंमलदार यांतला फरक ज्या दिवशी रयतेला जाणवेनासा होतो, त्या दिवशी तिला परचक्राचे भय उरत नाही, आणि राज्याच्या रक्षणात तिला स्वारस्यही उरत नाही. ज्या गावातला मनुष्य दाखल्यासाठी, सातबाराच्या उताऱ्यासाठी, फिर्याद नोंदवून घेण्यासाठीदेखील हात ओला करूनच परत येतो, तो किनाऱ्यावर रात्री परकी होडी दिसली तर ठाण्यात वर्दी द्यावयास कशाच्या भरवशावर जाईल? आपण दिलेली बातमी ठाण्यातूनच त्या होडीवाल्यास पोहोचणार नाही, एवढा तरी इतबार त्यास वाटावयास हवा.

भ्रष्टाचाराचे सावट प्रामाणिक माणसांवरही कसे पडते, हे बोफोर्स प्रकरणात दिसले. १९८६ च्या मार्चमध्ये स्वीडनच्या त्या कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या तोफांचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला; १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली; १९८९ च्या निवडणुकीत केंद्रातले सरकार गेले. राजकीय परिणाम सर्वांना ठाऊक आहे. पण लष्करी परिणाम त्याहून दीर्घकाळ टिकला. तोफ उत्तम होती, १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर तिने ते सिद्ध केले. आणि तरीही त्या करारानंतर त्या जातीची नवी परदेशी तोफ आपल्या सैन्यास मिळावयास २०१७ साल उजाडले, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे लोटली. मध्यंतरी चाचण्या झाल्या, निविदा निघाल्या व रद्द झाल्या, कंपन्या काळ्या यादीत गेल्या. आणि ज्या अधिकाऱ्याच्या हाती लेखणी होती त्यास सही न करणे हेच शहाणपणाचे वाटू लागले. घेतलेल्या दलालीची रक्कम कितीही मोठी मानली तरी हातात नवी तोफ न आलेल्या त्या तीन दशकांपुढे ती लहानच ठरेल.

मुंबईच्या स्फोटांनंतर चार महिन्यांनी, जुलै १९९३ मध्ये, केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, सरकारी अंमलदार आणि राजकारणी यांच्या साटेलोट्याचा शोध घेणे हे तिचे काम होते. ऑक्टोबरमध्ये समितीने अहवाल दिला. तो संसदेपुढे आला ऑगस्ट १९९५ मध्ये, तोही अगदी थोड्या पानांचा. या टोळ्यांचे जाळे जवळजवळ समांतर सरकारच चालवीत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. देशाच्या गृहसचिवाने लिहिलेले हे शब्द वाचून त्या वेळी सभागृहे हादरली, वृत्तपत्रांनी स्तंभ भरले. पण ज्या माहितीवर हे विधान उभे होते ती माहिती लोकांपुढे आली नाही, आणि नावे दप्तरातच राहिली.

येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. ज्या पोलीस दलातील काहींनी गोंडघर फाट्यावर गाड्या सोडल्या, त्याच राज्याच्या पोलीस दलाने स्फोटांच्या दिवशी वरळीत बेवारस उभ्या असलेल्या एका मारुती गाडीवरून तपासाचा धागा पकडला, आणि काही दिवसांतच कटाचा उलगडा केला. म्हणून अमुक खाते सडलेले आहे असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. एकाच खात्यात दोन्ही प्रकारची माणसे असतात. कोणती माणसे कोणत्या नाक्यावर उभी राहतील, हे ठरवण्याची रीत कोणती आहे, यावर सारे अवलंबून असते.

आणि ही रीत म्हणजे बदल्या. सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले ते कोणीही सांगतील की, प्रत्येक खात्यात काही जागा 'मलईच्या' समजल्या जातात, तशा काही कोरड्या. मलईची जागा मिळवण्यासाठी ज्याने पैसे मोजले त्यास ते मुदतीत वसूल करावे लागतात, आणि वसुली करावयाची तर वरच्यास वाटा, खालच्यास मुभा आणि बाहेरच्याशी सलोखा हे ओघानेच आले. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने १९८२ साली दक्षिण भारतातील कालव्यांच्या खात्यात अशा जागांचा बाजार कसा चालतो याचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. तेथे या बाजाराची किंमत शेवटच्या शेतकऱ्याने पाण्यावाचून मोजली. समुद्रकिनाऱ्यावरच्या नाक्याची जागा अशी विकली गेली, तर ती किंमत कोण मोजतो, हे १२ मार्चला दिसले.

स्फोटांनंतर किनाऱ्यावर नौदल व तटरक्षक दलाची गस्त वाढवण्यात आली, कोळीबांधवांची सागर रक्षक दले निघाली, आणि २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तर गस्तीनौका व सागरी पोलीस ठाणी यांवर मोठा खर्च झाला. २००८ चा हल्ला लाचेने घडला असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि ओढूनताणून तसे म्हणणे योग्यही नाही. परंतु नौका आणि दुर्बिणी यांची खरेदी जितक्या तत्परतेने होते, तितक्या तत्परतेने नेमणुकांच्या प्रश्नास हात घातला जात नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने राज्यांस स्पष्ट आदेश दिले. ठाणे अंमलदारापासून वरच्या महत्त्वाच्या अधिकाऱ्यांस एका जागी किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, बदल्यांचा निर्णय पोलीस आस्थापना मंडळाने घ्यावा, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असा त्यांचा आशय होता. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशी मंडळे स्थापन केली. पण त्याच दुरुस्तीत, लोकहितासाठी व प्रशासकीय निकडीमुळे अपवादात्मक प्रसंगी मुदतपूर्व बदली करता येईल, असे एक कलम आहे, आणि 'प्रशासकीय निकड' या दोन शब्दांत वाटेल ते कारण मावते. मुदतीआधी झालेल्या प्रत्येक बदलीचे कारण सविस्तर लिहून ते विधिमंडळापुढे ठेवले जावे, आणि किनाऱ्यावरील, सीमेवरील व बंदरांतील जागांच्या बाबतीत त्यासोबत शिफारस करणाऱ्याचे नावही ठेवले जावे, एवढी एक दुरुस्ती त्या कलमास जोडण्यास पैसा लागत नाही, नौका लागत नाही, परदेशी यंत्रसामग्रीही लागत नाही.